आकडा नंतर, आधी फरक बघा: कोपऱ्यातला ताण आणि बारीक होत जाणारी जाळी

मागच्या वेळी आपण 'पुरावा पुरेसा कधी होतो' या प्रश्नापाशी थांबलो होतो. आज तोच प्रश्न अगदी वेगळ्या अंगाने घेऊ. विषय इंजिनिअरिंगचा आहे. आमचं आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं, तेव्हा या विषयावर आम्ही का बोलतोय, हे आधी सांगायला हवं.

आमच्या शेजारी एक मुलगा राहतो. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. एका संध्याकाळी एक कागद घेऊन आला. ट्रॅक्टरची ट्रॉली जिथे ओढली जाते, तिथला एल आकाराचा लोखंडी ब्रॅकेट हा त्याच्या प्रोजेक्टचा विषय. कॉम्प्युटरवर त्या ब्रॅकेटचे बारीक बारीक तुकडे पाडायचे आणि कुठे किती ताण येतो ते काढायचं. या पद्धतीला फायनाइट एलिमेंट पद्धत म्हणतात. तुकड्यांच्या जाळीला म्हणतात मेश. त्याने आठ मिलिमीटरची जाळी घेतली, तर आतल्या कोपऱ्यात ताण आला १४०. चार मिलिमीटरची घेतली, १९२. दोनची घेतली, २६३. एकची घेतली, ३६१. हे आकडे मेगापास्कलमध्ये आहेत. साध्या भाषेत सांगायचं तर एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तारेला पंचवीस किलो वजन टांगलं की तारेत साधारण २५० मेगापास्कल ताण येतो. आणि साधं बांधकामाचं लोखंड साधारण त्याच आकड्याला कायमचं वाकायला लागतं.

म्हणजे बघा, पहिल्या दोन जाळ्यांनी ब्रॅकेट सुरक्षित ठरतो, पुढच्या दोन जाळ्यांनी तोच ब्रॅकेट नापास होतो. लोखंड तेच, वजन तेच. फक्त आपण जवळून पाहिलं. त्याला कुणीतरी वडीलकीने सल्ला दिला होता: "चारची जाळी ठेव, १९२ लिही आणि रिपोर्ट बांधून टाक." मुलगा प्रामाणिक. तो आम्हाला विचारत होता, "सर, यातला खरा आकडा कोणता जी?"

आम्हाला त्या दिवशी उत्तर देता आलं नाही. पण प्रश्न आमच्याच घरचा होता. अधिक बारकाईने पाहिलं की आपण सत्याच्या जवळ जातो, असं आपण सगळे मानतो. इथे बारकाईने पाहावं तितका आकडा दूर पळत होता. म्हणून आम्ही या विषयाचा इतिहास वाचायला घेतला. आज तोच तुमच्यापुढे मांडतो.

भिंतीतली भेग

आधी कोपऱ्यात ताण का साठतो ते पाहू. त्यासाठी आपल्या वऱ्हाडातल्या माणसाला कॉम्प्युटरची गरज नाही. अमरावती असो, अकोला असो, आपली घरं काळ्या मातीवर उभी आहेत. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया थोडा जरी हलला तरी भिंतीला तडा जातो. आता आठवून बघा, तो तडा कुठून सुरू होतो? भिंतीच्या मधोमध क्वचितच. बहुतेक वेळा खिडकीच्या नाहीतर दाराच्या कोपऱ्यातून, तिरपा. आम्ही हे बोलतोय तेव्हा ऐकणाऱ्यांपैकी अनेकांची नजर आपापल्या खिडकीकडे गेली असेल.

कापड दुकानदार काय करतो? ताग्यातून कापड फाडायचं असलं की काठाला कात्रीने बोटभर चीर देतो आणि मग दोन्ही हातांनी ओढतो. चीर नसताना तेच कापड दोघांनी ओढलं तरी फाटत नाही. आणि शिंपी? तो सदऱ्याच्या बाजूच्या फाटीच्या टोकाशी चार जाड टाके घालतो, कारण उद्या कापड तिथूनच उसवणार हे त्याला ठाऊक आहे.

असं का होतं? ताण हा पाटाच्या पाण्यासारखा वाहतो अशी कल्पना करा. ही फक्त उपमा आहे, पण कामाची आहे. मध्ये भोक आलं की पाण्याला वळसा घालावा लागतो, आणि भोकाच्या काठाशी धारा दाटतात. कोपरा जितका टोकदार, तितकी दाटी जास्त. इंजिनिअर याला स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन म्हणतात. आपण 'ताणाची दाटी' म्हणू.

वर्कशॉपमधला जुना कारागीर आणखी एक गोष्ट करतो. पत्र्याला चीर गेली, तर चिरेच्या अगदी टोकाशी तो ड्रिलने एक गोल भोक पाडतो. पत्रा आधीच फुटलेला, त्यात आणखी भोक! पण चीर तिथे थांबते, निदान काही काळ. टोकाची जागा गोलाईने घेतली, दाटी कमी झाली. या एका भोकात आजच्या व्याख्यानाचं निम्मं सार आहे.

बारीक करत गेल्यावर स्थिरावणारा आकडा

आता जाळीकडे वळू. मोठ्या गोष्टीचे लहान तुकडे पाडून हिशेब करायचा आणि तुकडे आणखी लहान करत जायचं, ही कल्पना जुनी आहे. भास्कराचार्यांची लीलावती ११५० च्या सुमाराची. भास्कराचार्यांच्या घराण्याची माहिती देणारा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, म्हणजे अकोल्याहून रेल्वेने मुंबईकडे निघालं की वाटेवरच. लीलावतीत वर्तुळाचा परीघ काढायला दोन गुणोत्तरं दिली आहेत. एक ३९२७ भागिले १२५०, त्याला ते सूक्ष्म म्हणतात. दुसरं २२ भागिले ७, ते स्थूल, व्यवहाराला चालणारं. दोन आकडे दिले, दोघांची पायरी सांगितली, आणि कोणता कुठे वापरायचा हेही सुचवलं. हा प्रामाणिकपणा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हे सूक्ष्म गुणोत्तर आलं कुठून? ते लीलावतीचा टीकाकार गणेश दैवज्ञ समजावून सांगतो. कोकणात मुरूडजवळच्या नांदगावचा हा ज्योतिषी. ज्याच्या ग्रहलाघवावर महाराष्ट्रातली पंचांगं शतकानुशतकं बेतली गेली, तोच हा. १५४५ च्या आपल्या टीकेत तो सांगतो, की वर्तुळाच्या आत सहा बाजूंची आकृती काढा, मग बाजू दुप्पट करत चला. बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस, अशा तीनशे चौऱ्याऐंशीपर्यंत.

आम्ही हा हिशेब आजच्या दशांशात करून पाहिला. बाजूंच्या बेरजेला व्यासाने भागलं तर सहा बाजूंना ३.००००. बाराला ३.१०५८. चोवीसला ३.१३२६. अठ्ठेचाळीसला ३.१३९४. शहाण्णवला ३.१४१०. एकशे ब्याण्णवला ३.१४१५ पेक्षा किंचित कमी. आणि तीनशे चौऱ्याऐंशीला ३.१४१६ च्या अगदी लगत.

आता आकडे बाजूला ठेवा आणि दोन आकड्यांमधला फरक बघा. पहिला फरक सुमारे ०.१०५८. दुसरा ०.०२६८. तिसरा ०.००६७. चौथा ०.००१७. प्रत्येक फरक आधीच्या फरकाच्या साधारण चौथा हिस्सा. म्हणजे पुढे किती वाढ शिल्लक आहे, याचा अंदाज आपल्याला इथे उभं राहूनच येतो. इंजिनिअर ज्याला मेश कन्व्हर्जन्स म्हणतात, ते हेच. कन्व्हर्जन्स म्हणजे आकडा एका जागी येऊन बसणं.

मात्र एक गोष्ट स्पष्ट करून टाकू. गणेश दैवज्ञाला फायनाइट एलिमेंट पद्धत माहीत होती, असं आमचं मुळीच म्हणणं नाही, आणि उद्या व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्या नावाने तसं कुणी फिरवू नये. त्याच्यापुढे वर्तुळ होतं आणि वर्तुळाला कोपरा नसतो. म्हणून त्याचा आकडा बसला. आमच्या मुलाच्या ब्रॅकेटला कोपरा होता.

वऱ्हाडावर पडलेली त्रिकोणांची जाळी

जाळी बारीक केली की सगळे दोष जातात का? याचं उत्तर देणारी एक घटना आपल्याच भागात घडली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला विल्यम लॅम्ब्टनने दक्षिणेकडून त्रिकोणांची साखळी मोजत आणली. डोंगरमाथ्यावर, मनोऱ्यावर ठाणी करायची, कोन मोजायचे, आणि एका त्रिकोणाला दुसरा जोडत पुढे सरकायचं. हिंदुस्थानची लांबी-रुंदी या त्रिकोणांतून निघाली. लॅम्ब्टन २० जानेवारी १८२३ रोजी वर्ध्याजवळच्या हिंगणघाटला वारला. पुढचं काम जॉर्ज एव्हरेस्टकडे आलं. त्याच साखळीतलं एक महत्त्वाचं ठाणं आपल्या वऱ्हाडात, एलिचपूरच्या म्हणजे आजच्या अचलपूरच्या बाजूच्या मैदानात होतं. एव्हरेस्टच्या लिखाणात त्याचं नाव टाकल खेडा असं येतं. तिथे ताऱ्यांचे वेध घेऊन अक्षांश काढला गेला.

अक्षांश काढायचा तर खाली सरळ कोणती दिशा, हे आधी ठरवावं लागतं. ते ओळंब्याने ठरतं. इथे एव्हरेस्टला शंका आली. उत्तरेला डोंगररांग उभी आहे. तिचं वस्तुमान ओळंब्याला जराशी आपल्याकडे ओढत असेल, तर? मग ओळंबा पूर्ण सरळ नाही, आणि अक्षांशही तितका खरा नाही. १८३० च्या ग्रंथात त्याने या ओढीचा हिशेब मांडला.

मंडळी, इथे क्षणभर थांबा. हा दोष त्रिकोण लहान करून गेला असता का? नाही. शंभर त्रिकोणांऐवजी हजार पाडले असते तरी ओळंबा डोंगराकडेच झुकला असता. दोष जाळीच्या जाडपणात नव्हता. 'ओळंबा सरळ खाली पाहतो' हे जे आपण न तपासता धरून चाललो होतो, त्यात होता. म्हणजे दोष दोन जातींचे झाले. एक जाळी बारीक केल्यावर जाणारा, दुसरा कितीही बारीक केली तरी न जाणारा. हे दोन ओळखता येणं हाच आजचा विषय.

भोक, चीर आणि अनंत

आता पुन्हा ताणाच्या दाटीकडे येऊ. हा प्रश्न जगापुढे रक्तानेच आला. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसकडे परतणाऱ्या गाडीच्या इंजिनाचा आस मोडला. पन्नासहून अधिक माणसं मेली. पुढच्याच वर्षी स्कॉटलंडचा तरुण इंजिनिअर रँकिन याने मोडलेल्या आसांवर निबंध लिहिला. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या खांद्यापाशी चीर हळूहळू आत सरकते, हे त्याने दाखवलं. उपाय काय सांगितला? तिथला कोपरा काढा, वळण द्या. आपल्या भुसावळ-बडनेरा मार्गावरून रेल्वे नागपूरला पोचली १८६७ मध्ये. म्हणजे आपल्याकडे गाडी येण्याच्या कितीतरी आधी कोपऱ्याचा धडा लिहून झाला होता. पण तो अनुभवाचा धडा होता, हिशेबाचा नव्हता.

हिशेब १८९८ मध्ये किर्श नावाच्या जर्मन इंजिनिअरने केला. मोठ्या पत्र्यात लहान गोल भोक असेल आणि पत्रा एका दिशेने ओढला, तर भोकाच्या काठाशी ताण बरोबर तिप्पट होतो. भोक लहान की मोठं याला महत्त्व नाही, पत्रा पुरेसा मोठा असला म्हणजे झालं. सुईएवढं भोकही तिप्पट, मुठीएवढंही तिप्पट.

१९१३ मध्ये केंब्रिजच्या इंग्लिसने जहाजबांधणी करणाऱ्यांच्या संस्थेपुढे पुढचं पाऊल टाकलं. त्याने गोल भोकाऐवजी लंबगोल भोक घेतलं. नियम सोपा निघाला. ओढीला आडवी असलेली लांबी भागिले रुंदी, त्याची दुप्पट, अधिक एक. गोलाला लांबी-रुंदी सारखी, म्हणून तीन. लांबी रुंदीच्या दहापट असेल तर एकवीस. आता लंबगोल चपटा करत न्या. रुंदी शून्याकडे गेली की ती चीर होते. आणि भागाकारात शून्य आलं की ताण? अनंत!

भास्कराचार्यांनी बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला खहर म्हटलं आहे आणि तिच्यात काही मिळवा, काही काढा, ती बदलत नाही असं सांगितलं आहे. इंग्लिसच्या चिरेच्या टोकाशी हा खहर बसला होता.

पण विचार करा, अनंत ताण जर खरोखर येत असेल, तर जगातली प्रत्येक चीर पडलेली वस्तू बोट लावताच फुटली पाहिजे. आपला तडा गेलेला चहाचा कप वर्षभर चालतो, तो कसा? इथे ग्रिफिथ येतो. काचेवर काम करणारा हा इंग्रज. १९२० मध्ये त्याने आपला निबंध मांडला. त्याने अनंताशी झगडा केलाच नाही. त्याने प्रश्न बदलला. टोकाशी ताण किती, हे विचारायचं सोडून त्याने विचारलं: चीर थोडी पुढे सरकली तर साठलेली किती ऊर्जा सुटते, आणि नवा पृष्ठभाग तयार करायला किती लागते? सुटणारी जास्त असेल तर चीर धावते, नाहीतर थांबते. हे दोन्ही आकडे सान्त आहेत, मोजता येणारे आहेत. पुढे १९५२ मध्ये विल्यम्सने दाखवलं की चीरच कशाला, आतल्या बाजूला वळलेला कोणताही टोकदार कोपरा घेतला तरी गणितात तिथे ताण अनंत होतो.

पद्धतीचा जन्म

फायनाइट एलिमेंट पद्धतही याच काळातली. १९४३ मध्ये छापून आलेल्या एका लेखात गणितज्ञ कुरांटने आकृतीचे त्रिकोण पाडून पिळाचा प्रश्न सोडवला. पण हजारो समीकरणं सोडवायला यंत्र नव्हतं, म्हणून लेख पडून राहिला. मग विमानांचे पंख आले. १९५६ मध्ये टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप या चौघांचा लेख आला. पंखाचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकडा अगदी साध्या रीतीने वाकतो असं धरा, तुकडे सांध्यांपाशी जोडा, आणि समीकरणं कॉम्प्युटरला द्या. १९६० मध्ये क्लफने या पद्धतीला आजचं नाव दिलं.

त्याच दशकात कोपऱ्याने आपली किंमत वसूल केली होती. १९५४ च्या १० जानेवारीला आणि ८ एप्रिलला कॉमेट जातीची दोन जेट विमानं भूमध्य समुद्रावर हवेतच फुटली. एकूण ५६ माणसं गेली. इंग्लंडमध्ये फार्नबरोला आख्खं विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्याला पुन्हा पुन्हा दाब दिला, तेव्हा चीर उघड्या जागेच्या कोपऱ्यापाशी सुरू झाली. तिथला ताण डिझाइन करणाऱ्यांनी धरला होता त्याहून बराच जास्त निघाला. एका झटक्यात मोडेल एवढा तो नव्हता. पण प्रत्येक उड्डाणाला दाब चढतो, उतरतो. तार इकडे तिकडे वाकवून आपण तोडतो ना, तसं.

आज ही पद्धत प्रत्येक कॉलेजात आहे. अमरावती, अकोला, शेगाव, सगळीकडे मुलं ती शिकतात. पुण्यातल्या काम करणाऱ्या इंजिनिअरांनी मिळून लिहिलेलं 'प्रॅक्टिकल फायनाइट एलिमेंट अ‍ॅनालिसिस' हे पुस्तक आम्हाला त्या मुलानेच दाखवलं. साधन सगळ्यांच्या हातात आलं. प्रश्न उरतो तो ते कुठे थांबवायचं याचा.

लवकर थांबण्याची किंमत

२३ ऑगस्ट १९९१. नॉर्वेतली एक खाडी. समुद्रातून गॅस काढण्यासाठी बांधलेला स्लायप्नर नावाचा प्रचंड काँक्रीटचा पाया चाचणीसाठी पाण्यात उतरवत होते. पाणी पासष्ट मीटरच्या आसपास चढलं, आतून आवाज आला, पाणी घुसलं आणि सगळा पाया तळाला गेला. माणसं वाचली. नुकसान सुमारे सत्तर कोटी डॉलर्सचं.

चौकशीत काय निघालं? हा पाया म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या काँक्रीटच्या विहिरी समजा. तीन विहिरी जिथे मिळतात तिथे एक तिकोनी पोकळी उरते. त्या पोकळीच्या भिंतीचा ताण फायनाइट एलिमेंटने काढला होता, पण जाळी जाड होती आणि तुकड्यांचा आकारही वेडावाकडा. भिंतीला कातरणारा जोर सुमारे ४७ टक्के कमी दिसला. त्या कमी आकड्यावर भिंतीची जाडी ठरली आणि आतली सळईही कमी पडली. नंतर नीट जाळी घेऊन तोच हिशेब केला, तर भिंत ६२ मीटरला फुटायला हवी असं उत्तर आलं. प्रत्यक्षात फुटली ६५ ला. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. विचारलं असतं तर तिने खरं सांगितलं असतं. विचारणारे आधीच थांबले होते.

"चारची जाळी ठेव, १९२ लिही" या वाक्याची ही मोठी आवृत्ती आहे.

अनवस्था

आता आमच्या विषयाकडे येतो. आपल्या न्यायशास्त्रात अनवस्था नावाचा दोष आहे. एकाला दुसऱ्याचा आधार, दुसऱ्याला तिसऱ्याचा, आणि कुठेच थांबणं नाही. पण नैयायिकांनी एक बारीक भेद केला. प्रत्येक अनवस्था दोष नसते. बीजापासून अंकुर, अंकुरापासून बीज, ही माळ मागे कितीही गेली तरी आपलं काही अडत नाही. जी अनवस्था मूळ मुद्दाच उखडून टाकते, तीच दोष.

गणेश दैवज्ञाची बाजू दुप्पट करण्याची क्रिया कधीच संपत नाही, पण ती निरुपद्रवी आहे, कारण फरक आटत जातात. कोपऱ्यातली क्रियाही संपत नाही, पण ती मूळच खाते. 'ताण किती' हा प्रश्नच तिथे निरर्थक होतो.

आणखी एक जुना युक्तिवाद सांगतो. पदार्थाचे तुकडे अनंत वेळा करता येत असतील, तर मेरू पर्वत आणि मोहरीचा दाणा सारखेच ठरतील, कारण दोघांचेही तुकडे अनंतच. म्हणून कुठेतरी थांबायला हवं, असं म्हणून त्यांनी परमाणू मानला. आजच्या अणूशी त्याची गाठ मारायची नाही. पण विचार पाहा. कोपऱ्यातला अनंत ताण येतो कुठून? आपण दोन गोष्टी धरून चाललो म्हणून. एक, लोखंड कितीही चिरलं तरी सलगच राहतं. दोन, कोपरा पूर्ण टोकदार आहे. प्रत्यक्षात दोन्ही खोटं. कोणत्याही कारागिराच्या हातचा कोपरा थोडा तरी गोल असतोच, लोखंड कणांचं बनलेलं असतं, आणि अनंताच्या कितीतरी आधी ते जागच्या जागी थोडं वाकून ताण शेजाऱ्याला देतं. अनंत लोखंडात नसतं, आपल्या चित्रात असतं. एव्हरेस्टच्या ओळंब्याचंच हे दुसरं रूप.

मुलाचं काय झालं

एवढं वाचून झाल्यावर आम्ही त्याला बोलावलं. म्हटलं, "बाळा, आकडा बघू नकोस, फरक बघ." १४० ते १९२, फरक ५२. १९२ ते २६३, फरक ७१. २६३ ते ३६१, फरक ९८. फरक आटत नाहीत, वाढताहेत. गणेश दैवज्ञाच्या अगदी उलट. जाळी अर्धी केली की आकडा दर वेळी साधारण १.३७ पट होतो. काटकोनी आतल्या कोपऱ्याला गणित हेच सांगतं. म्हणजे तुझ्या चार आकड्यांपैकी खरा एकही नाही. १९२ सुरक्षित नाही आणि ३६१ धोक्याचाही नाही. तू जो कोपरा काढलास, त्यालाच आकडा नाही.

मग काय करायचं? त्याने वर्कशॉपमध्ये जाऊन विचारलं, तिथे कोपऱ्याला किती वळण देता येईल. सहा मिलिमीटर, म्हणाले. इंजिनिअर अशा वळणाला फिलेट म्हणतात. ते वळण चित्रात काढून त्याने पुन्हा जाळी घातली. चार मिलिमीटरला १९८, दोनला २२१, एकला २२७, अर्ध्याला २२८. फरक २३, मग ६, मग १. आकडा बसला! पण २२८ हा २५० च्या फार जवळ, आणि ट्रॉली खड्ड्यांतून रोज आदळणार. कॉमेटची गोष्ट त्याला ठाऊक झाली होती. म्हणून त्याने पट्टी जाड केली.

रिपोर्टमध्ये त्याने आधीचे चारही आकडे छापले, ते का टाकून दिले हे लिहिलं, आणि नवे चार छापले. तोंडी परीक्षेत त्याला याच पानावर जास्तीत जास्त प्रश्न आले, असं तो म्हणाला. गुण मिळायचे तेवढे मिळाले, फार नाही. ते असू द्या.

आम्हाला यातून जे मिळालं ते तीन वाक्यांत सांगतो. एका आकड्यावर विश्वास ठेवू नये, निदान तीन मागावेत आणि त्यांच्यातले फरक पाहावेत. फरक आटत असतील तर धीर धरून ते पुरेसे आटेपर्यंत पुढे जावं, आधीच थांबू नये. फरक वाढत असतील तर पुढे जाण्यात अर्थ नाही, मागे वळून आपण काय धरून चाललो होतो ते तपासावं. हे ब्रॅकेटला लागू आहे, तसंच कोणी आपल्यासमोर एकच सोयीचा आकडा ठेवून 'हेच सिद्ध झालं' म्हणतो, तिथेही लागू आहे.

आता प्रश्न घेऊ. समोर बसलेल्यांनी हात वर करा, ऑनलाइन मंडळींनी लिहून पाठवा. आणि हो, खिडकीच्या कोपऱ्यात तडा असेल तर तो नुसता लिंपून मोकळे होऊ नका. त्याच्या टोकाशी पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि पावसाळ्यानंतर पुन्हा बघा. तडा किती लांब आहे याच्याइतकंच, तो किती वाढला हेही महत्त्वाचं. वाढत असेल तर जाणकाराला बोलवा.